पंपघराच्या अलीकडे

दादाचा उजवा अंगठा आधी गेला.

तो मोजणी खात्यात होता. शेताच्या हद्दी मोजायच्या, खुणा रोवायच्या, नकाशा काढायचा, आणि दोन भावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून दोघांच्याही शिव्या ऐकायच्या, असं त्याचं काम. बाभुळगावकडच्या एका शेतात यंत्राच्या तिपाईचा स्क्रू त्याला आवळता येईना. घाम असेल म्हणून त्यानं हात शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि शेवटी शेतमालकाकडूनच तो स्क्रू आवळून घेतला. घरी आल्यावर त्यानं हे हसत सांगितलं. आई हसली, मीही हसले.

पुढं शर्टाची बटणं लागेनात. मग पेन धरवेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, म्हणून मी त्याच्यासोबत गेले. बाबा आम्ही शिकत असतानाच वारले होते, आणि आईला दवाखान्यात चक्कर येते. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हातपाय चालवणाऱ्या नसा आतून वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध नाही. दादानं तो चित्राचा कागद मागून घेतला आणि नीट चार घड्या घालून खिशात ठेवला.

परतीची बस कळंबला आली. कळंबच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. बस थांबली तसा तो उठला.

"तू बॅग घेऊन स्टँडवरच बस," तो म्हणाला. "मी येतो अर्ध्या तासात."

"आजच कायले, दादा?"

"उद्या गेलो तर बोलणं होनार नाही माह्याच्यानं."

लग्न मोडून तो खरंच अर्ध्या तासात परत आला. तिच्या वडिलांनी चहा दिला होता, पण कप उचलता येणार नाही म्हणून त्यानं घेतला नव्हता, एवढंच त्यानं सांगितलं. मग आम्ही दारव्ह्याला घरी आलो.

त्या वेळी मी दारव्ह्याजवळच्या एका गावात शाळेवर होते. काळीपिवळी जीपनं जायचं, काळीपिवळीनं यायचं. दादा रजेवर घरी बसला. नकाशे काढायला घेतलेला लॅपटॉप आता रिकामाच होता. त्यावर त्यानं एक बंदुकीचा खेळ घेतला. दरवाजाआडून येणारे धडाड् धडाड् आवाज ऐकून मला राग यायचा. छत्तीस वर्षांचा माणूस, आणि पोट्ट्यांचे खेळ खेळतो! हे मी त्याला बोललेसुद्धा होते.

तो कसा खेळत होता ते मला ठाऊक नव्हतं. एकदा शाळेतून लवकर आले तर तो डाव्या हाताच्या मुठीनं कीबोर्ड दाबत होता आणि उजव्या मनगटानं माऊस ढकलत होता. त्याच्याजवळ त्याचा शाळेपासूनचा मित्र बसलेला होता. मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. त्यानं दाराच्या बेलची पाच मोठी बटणं एका पाटीवर बसवून आणली होती. वायरी लॅपटॉपला जोडल्या होत्या. कोपरानं दाबलं तरी चालेल, अशी त्याची कल्पना.

"चाललं का?" मी विचारलं.

"चार बटणं चालतात, ताई," मित्र म्हणाला. "पाचवं नाही. इस गेम में बटण बदलायचा ऑप्शनच नाही दिला. दार ढकलायचं असलं तर कीबोर्डवरचीच एक की, आन् तीही भराभर दाबायची. सेकंदात सात-आठ बार. अच्छे आदमी का हाथ दुखतो."

दादाची मान खाली होती आणि मनगट लाल झालं होतं. मित्र गेल्यावर दादा म्हणाला, "तुले सुट्ट्या कधी लागतात व?"

"एक तारखेपासून. काहून?"

"मले तुह्ये हात पाहिजेत."

असं त्यानं आयुष्यात मला कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले.

पहिल्या दुपारी मला दहा मिनिटांत ओकारी आली. त्या खेळात आपल्याला आपण दिसत नाही. समोर फक्त बंदूक आणि ती धरलेले दोन हात दिसतात. माऊस जरा हलला की सगळं जग गरकन फिरतं. भिंत, आभाळ, जमीन, पुन्हा भिंत. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, तर दादा तसाच खुर्चीत वाट पाहत होता.

"हळू फिरव. आपल्याले घाई नाही," तो म्हणाला.

समुद्राजवळचं एक थंड गाव होतं ते. तिथं पूर्वी मिठाचा मोठा कारखाना चालायचा आणि आता माणसं निघून गेलेली. धुकं असायचं. तारांमधून वारा घुमायचा. एखाद्या घरात शिरावं तर टेबलावर बशा मांडलेल्या, दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत घातलेले आणि कुठल्यातरी खोलीत रेडिओ पुटपुटतोय. आपण म्हणजे कित्येक वर्षांनंतर परतलेला कुणी माणूस. गाव ओलांडून समुद्रापर्यंत जायचं, एवढंच काम. वाटेत मुखवटे घातलेले पहारेकरी.

दादाला पहारेकऱ्यांत काही रस नव्हता. त्याला ते गाव पाहायचं होतं. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी आलो की म्हणायचा, "थांब न व. पाहू दे मले." मग भिंतीला कुठून ओल आली असेल, ही बोळ आधीची की कारखान्यानंतरची, हे घर आधी एकाचं होतं आणि पुढं दोघांत वाटलं गेलं, असं तो सांगायचा. शाळेच्या जुन्या वहीत त्यानं त्या गावाचा नकाशा माझ्याकडून काढवून घेतला. मी पेन्सिल धरायची, तो पावलं मोजून सांगायचा. दिशा चुकली की खोडायला लावायचा. अंगणातून आई डोकावून म्हणायची, "कोनत्या गावची मोजणी चालू हाय?" आणि आम्ही दोघं हसायचो. त्या उन्हाळ्यात आम्ही जितके जवळ बसलो तितके लहानपणीही बसलो नव्हतो.

पण तो खेळ उभं राहू द्यायचा नाही. कुठंही अर्धा मिनिट थांबलं की मागून पहारेकरी यायचे. कुठून यायचे कळायचं नाही. आम्ही येताना ती गल्ली रिकामी होती, दादानं नकाशावर लिहिलं होतं. तरी यायचे. भिंतीपलीकडून त्यांना आम्ही दिसायचो, आम्हाला ते दिसायचे नाहीत. बंदुकीत तीन गोळ्या आणि प्रत्येक गोळीनंतर ती अडकायची. पुन्हा भरायला इतका वेळ लागायचा की तोवर पडदा लाल होऊन आपण जमिनीवर आडवे. ज्यानं ते धुकं, त्या बशा, ते कपडे इतक्या मायेनं रचले, त्यानंच हे कसं केलं, असं मला राहून राहून वाटायचं.

मेल्यावर जिथं मेलो तिथून सुरू होत नसे. वाटेत कुठं कुठं कंदील टांगलेले होते. तो पेटवला तरच तिथपर्यंतचं जमा व्हायचं. दोन कंदिलांमध्ये वीस-वीस मिनिटांचं अंतर. आणि दारव्ह्यात मे महिन्यात दुपारची वीज किती टिकते ते सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी जुनी होती, पाच मिनिटंही धरत नसे. कितीदा तरी कंदील समोर दिसत असताना पडदा काळा झाला.

दुसरी अडचण कूलरची. पहारेकऱ्यांची पावलं ऐकूनच त्यांचा अंदाज घ्यावा लागे, आणि कूलरच्या घरघरीत ती ऐकू येत नसत. हेडफोन एकालाच लावता यायचा. मला लावला तर दादाला ऐकू येईना, त्याला लावला तर मला. शेवटी आम्ही कूलर बंद करायचो. पंचेचाळीस अंशांत, दारं लावून, दोघं घामानं निथळत बसायचो. मी मधूनच उठून ओल्या टॉवेलनं त्याची मान पुसायची. आई ओरडायची, "येडे झाले का तुम्ही?" दादा म्हणायचा, "आई, पावलं ऐकू येऊन राह्यली, थांब."

मे संपता संपता आम्ही पंपघरापाशी पोचलो.

मिठागरातलं पाणी उपसायचं एक पंपघर होतं. शेवटचा कंदील त्याच्या पुष्कळ अलीकडे, टेकडीवर. तिथून उतरायचं, गुडघाभर पाण्याच्या बोगद्यातून चालायचं. त्यात पळता येत नव्हतं, खेळ पळूच देत नव्हता. मध्ये रेडिओवर एक म्हातारा माणूस बोलायचा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत पुढचं फाटक उघडायचं नाही. मग पंपघरात तीन पहारेकरी एकदम यायचे. ते मेले तर शेवटी लोखंडी दार. ते ढकलायला तीच एक की भराभर दाबायची, आणि दाबता दाबता मागून आणखी दोघं येणार.

आम्ही तिथं रोज मरत होतो. रोज पाच-सहा वेळा. त्या म्हाताऱ्याचं भाषण मला पाठ झालं, कुठल्या देशाच्या भाषेतलं आहे ते आजही माहीत नाही. दादा मागून सांगायचा, "उजवीकडचा आधी. आता खाली बस. आता भर. भर, भर!" आणि माझी बोटं कुठंतरी भलतीकडंच जायची. मी कधी सायकलसुद्धा नीट चालवली नव्हती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. तिघंही पहारेकरी पडले होते. पहिल्यांदाच. मी दारापाशी पोचले आणि की दाबायला लागले. दार हळूहळू सरकत होतं. दादा खुर्चीत पुढं झुकला होता, झुकता येत नव्हतं तरी.

"जोरात! अवं, जोरात दाब न!"

"दाबून राह्यली न!"

"अशानं होते का? एक की दाबता येत नाही तुले? एक!"

मागून गोळी लागली. पडदा लाल झाला. मी माऊस भिंतीवर फेकला आणि म्हणाले, "मंग कर न आपल्या हातानं!"

कूलर बंदच होता. दादा माझ्याकडं पाहत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, तेच मला सहन होईना. मी माफी मागायला हवी होती. मी माऊसचे सुटे झालेले भाग गोळा करत बसले. बॅटरीचं झाकण पलंगाखाली गेलं होतं, ते काढायला मी वाकले आणि बराच वेळ तशीच वाकून राहिले.

"राहू दे," तो म्हणाला. "तुह्ये बी हात दुखत असतीन."

पुढं दोन महिने आम्ही त्या खेळाचं नावही काढलं नाही. माझी शाळा सुरू झाली होती. दादाचे पाय गेले. मित्रानं दुकानातून लोखंडी पाइप आणून मोरीत दांडा बसवला, पण तो धरायला हात नव्हते. मग तोच रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन दादाला उचलून आंघोळ घालायचा. आईला हे आधी अवघड वाटलं, नंतर ती त्याच्यासाठी चहा ठेवून वाट पाहायला लागली.

गणपतीच्या सुट्टीत दादा स्वतःच म्हणाला, "लाव." म्हणजे खेळ लाव.

तोवर त्याचं बोलणं जड झालं होतं. जीभ वळत नव्हती. 'डावीकडे' आणि 'दाराकडे' मला सारखंच ऐकू यायचं. त्यानं एक सांगितलं की मी दुसरंच करायची आणि आम्ही मरायचो. मी विचारायची, "काय म्हनला?" तो पुन्हा सांगायचा. तोवर पडदा लाल. मग आम्ही ठरवलं की डावीकडे असेल तर एकदा हुंकार, उजवीकडे असेल तर दोनदा. पण पहारेकरी दुसऱ्या हुंकारापर्यंत थांबत नव्हते. त्या खेळात थांबायचं बटण होतं, मात्र ते दाबलं की पडद्यावर काळं पान यायचं, मागचं काही दिसायचं नाही. पाहता पाहता विचार करावा, बोलावं, ठरवावं, अशी सोयच कुणी ठेवली नव्हती. खेळणारा दादासारखा इतका मंद होईल, याचा विचार बनवणाऱ्यांनी कशाला केला असेल.

मी म्हणाले, "दादा, याचा शेवट इंटरनेटवर हाय. कोणीतरी खेळलेला. पाहायचा का?"

त्यानं मान हलवली. नाही. मग बऱ्याच प्रयत्नानं म्हणाला, "आपलं... आपण... जाऊ." आपलं आपण जाऊ.

एका शुक्रवारी दुपारची नमाज पढून मित्र आला. त्यानं दुकान त्या दिवशी उघडलंच नाही. तो म्हणाला, "ताई, तुम्ही दार सांभाळा. बंदूक माझ्याकडे." आम्ही खुर्चीला खुर्ची लावून बसलो. माऊस त्याच्याकडं, कीबोर्ड माझ्याकडं, मधे दादा. टेकडी उतरलो. बोगद्यातून चाललो. म्हातारा बोलला. मित्रानं पहिला पाडला, दुसरा पाडला, तिसऱ्याला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. मी दारापाशी पोचले आणि दोन्ही हातांची बोटं आलटून पालटून त्या एका कीवर मारायला लागले. शिवणयंत्रासारखी. दादाच्या घशातून आवाज निघत होता. दार सरकलं, आणखी सरकलं, आणि उघडलं.

पलीकडं पांढरा उजेड होता. वाऱ्याचा आवाज आला. मित्र ओरडला, "हो गया, यार! झालं!" आणि त्यानं दादाचं डोकं छातीशी धरलं.

पडदा काळा झाला.

आम्हाला वाटलं वीज गेली. पण पंखा फिरत होता. आम्ही पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. पडदा काळाच होता, आणि वाऱ्याचा आवाज मात्र चालू. शेवटी मित्रानं लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. खेळ उघडला तर आमचं जमा झालेलं सगळं गेलं होतं. टेकडीवरचा कंदील नाही, मधले कंदील नाहीत. फक्त एकच ओळ होती, पहिल्यापासून सुरू करा.

मित्र मोबाइलवर कितीतरी वेळ शोधत होता. त्या दारापाशी हे पुष्कळांना झालेलं होतं. लोकांनी तक्रारी लिहिल्या होत्या, जुन्या, कित्येक वर्षांपूर्वीच्या. त्याखाली कुणाचं उत्तर नव्हतं. ज्यांनी खेळ बनवला त्यांचं काम केव्हाच बंद पडलं होतं.

"दुरुस्त करणारंच कोणी नाही राह्यलं, ताई," तो मला अंगणात हळूच म्हणाला. तो स्वतः जळलेल्या मोटारी उघडून तार तार बदलून चालू करणारा माणूस. त्याच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं.

आत गेले. दादाला सांगावं लागलं नाही. तो मला पाहत होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. पण आता गालाचे स्नायूही राहिले नव्हते, त्यामुळे ते हसूच आहे का हे मला कळलं नाही.

"बस," तो म्हणाला. त्याचा हा शब्द मला स्पष्ट समजला.

दिवाळीनंतर श्वासाचं यंत्र आलं. नाकातोंडावर मुखवट्यासारखं ते बसवायचं आणि पट्टे डोक्यामागं आवळायचे. बोलणं पूर्ण गेलं. डोळे तेवढे राहिले. एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा मिटले म्हणजे नाही. पाणी हवं का, कूस बदलू का, आईला बोलावू का. दिवसभर असेच प्रश्न. ज्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नाही तो प्रश्न घरातून नाहीसाच झाला.

एका रविवारी दुपारी मी त्याला न विचारताच इंटरनेटवरचा तो व्हिडिओ लावला. लॅपटॉप उशाजवळ स्टुलावर ठेवला. कुणीतरी परक्या माणसानं खेळलेला. तो धावत होता. सगळ्या गल्ल्यांतून नुसता धावत होता, कुठल्या घरात शिरला नाही, कुठं थांबला नाही. ज्या चौकात दादानं मला दोन दुपारी पुन्हा पुन्हा उभं केलं होतं तो चौक त्यानं तीन उड्यांत ओलांडला. पंपघरातले तिघं त्यानं सहज पाडले. दार उघडलं. पांढरा उजेड आला, आणि त्याच्या पलीकडं समुद्र होता. राखाडी, शांत. एक मोडकी होडी. खूप सुंदर होतं ते, खोटं कशाला सांगू.

मी दादाकडं पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. कधी मिटले ते मी पाहिलं नव्हतं. झोप लागली होती का, की त्याला पाहायचं नव्हतं, की पाहून झालं होतं? मी हळूच हाक मारली तर त्यानं डोळे उघडले. मी विचारू शकत होते, दिसलं का? तो एकदा किंवा दोनदा डोळे मिटून सांगू शकत होता. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

त्यानं दोनदा डोळे मिटले.

माघात तो गेला, सकाळी, आई त्याच्या पायांना तेल लावत असताना. मी शाळेत होते. मुख्याध्यापकांनी वर्गाच्या दाराशी येऊन माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी खडू खाली ठेवला. काळीपिवळी भरेपर्यंत निघेना, तर मी ड्रायव्हरला म्हणाले, चल बाबा, आणि तो एकट्या मला घेऊन निघाला. मित्र माझ्या आधी पोचला होता. खांदेकऱ्यांत तो पुढं होता.

तेरवीनंतर मी दोनदा लॅपटॉप उघडला. पहिल्यापासून सुरू करा. पहिल्या गल्लीतच मेले आणि पुन्हा केलं नाही. लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. त्या उन्हाळ्यात आम्ही कूलर बाहेर काढलाच नाही.

आई त्या खेळाबद्दल कधी बोलली नव्हती. एका दुपारी ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी वह्या तपासत होते. तिनं एकदम विचारलं, "काय व, त्या खेळात शेवटी काय होते?"

"समुद्र येते, आई."

"आन् मंग?"

"मंग काही नाही. नावं येतात."

"कोनाची?"

"ज्यायनं बनवला त्यायची. लय नावं हायेत. खालून वर जातात."

हातातली शेंग तशीच धरून तिनं विचारलं, "आन् जो तिथवर पोचला नाही, त्याचं?" मग उठून आत गेली आणि अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. शेंगा सुपात तशाच राहिल्या. संध्याकाळी मी सोलल्या.